आंबा बागायतदार गटाचे ऑनलाइन दुकान : मांडणी, निगा व संगणकाची दूरस्थ दुरुस्ती

हापूस आंबा हे थांबणारे पीक नव्हे. चौदा आणे तयार झालेले फळ देठासह उतरवून अढीत ठेवले म्हणजे साधारणपणे आठ-दहा दिवसांत ते पिकते. त्यानंतरच्या थोड्या दिवसांत ते खाणाऱ्याच्या घरी पोहोचले नाही, तर वर्षभराच्या फवारण्या, राखण आणि मजुरी यांचे मोल पदरी पडत नाही. पूर्वापार रीतीप्रमाणे बागायतदार आपल्या पेट्या मुंबईच्या, आणि नंतर वाशीच्या, बाजारात अडत्याकडे पाठवी आणि पट्टी हाती येईपर्यंत भाव काय मिळाला हे त्यास कळत नसे. आज ही रीत चालू आहेच. परंतु तिच्या जोडीस इंटरनेटवरून थेट घराघरांत आंबा पोहोचविणारे बागायतदार, उत्पादक गट आणि महिला बचत गट कोकणात ठिकठिकाणी उभे राहिले आहेत.

ऑनलाइन दुकान म्हणजे भिंती आणि फळ्या नसलेले दुकान होय. त्यासही पाटी लागते, माल मांडावा लागतो, हिशेब ठेवावा लागतो आणि रात्री कुलूप लावावे लागते. पुष्कळ गट पाटी आणि रंगरंगोटी यांवर खर्च करतात. किल्ली कोणाजवळ आहे याचा विचार मात्र दुकान बंद पडल्यावर करतात. तो काळ नेमका एप्रिल-मे महिन्यांचा, म्हणजे हंगामाचा असतो. यास्तव या पाठात दुकानाची मांडणी आणि बिघडलेल्या संगणकाची दूरवरून होणारी दुरुस्ती हे दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. दोहोंचे मर्म एकच : कारागीर कोणीही असो, किल्ली मालकाच्या हाती असली पाहिजे.

दुकान कोठे मांडावे

ऑनलाइन विक्रीचे तीन मार्ग आहेत. पहिला, व्हॉट्सॲप बिझनेससारख्या साधनावर मालाची यादी, छायाचित्रे व भाव मांडून मागणी नोंदविणे. यास खर्च जवळजवळ नाही. मात्र प्रत्येक मागणी हाताने लिहून घ्यावी लागते. दुसरा, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत विक्रेता म्हणून नाव नोंदविणे. येथे गिऱ्हाईक आयते मिळते. परंतु दलाली द्यावी लागते आणि नियम बाजारपेठेचे चालतात. तिसरा, गटाचे स्वतःचे संकेतस्थळ उभारणे. यात स्वातंत्र्य अधिक, तशीच निगेची जबाबदारीही अधिक.

नव्या गटाने पहिला हंगाम पहिल्या मार्गाने काढावा हे हितावह होय. किती मागणी येते, कोणत्या गावाहून येते, किती पेट्या वाटेत खराब होतात, हे एका हंगामात कळून येते. दिवसास दहा-पंधरा मागण्या हाताने लिहिता येतात. त्या वाढून वहीत घोटाळे होऊ लागले म्हणजे संकेतस्थळाची वेळ आली असे समजावे. हौसेपोटी आधी संकेतस्थळ आणि मागून माल, असा उलटा क्रम धरू नये.

दुकानाच्या चार किल्ल्या

स्वतःच्या संकेतस्थळास चार किल्ल्या असतात. त्या कोणाच्या नावे आहेत हे गटाच्या नोंदवहीत लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

(१) संकेतस्थळाचा पत्ता. हा पत्ता विकत मिळत नसून ठरावीक मुदतीने मिळतो आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. दुकान बांधून देणारा कारागीर पुष्कळदा पत्ता स्वतःच्याच नावे नोंदवितो. पुढे तो दुसऱ्या गावी गेला किंवा त्याच्याशी बेबनाव झाला, तर पाटीवर गटाचे नाव असूनही पत्ता गटाचा राहत नाही. सबब नोंदणी गटाच्या नावे, गटाच्या ईमेलवर करावी. नूतनीकरणाची तारीख आंबा हंगामात येत असेल तर पैसे दिवाळीतच भरून टाकावेत.

(२) दुकानाचे मुख्य खाते. दुकानातील माल, भाव व मागण्या ज्या खात्यातून बदलता येतात, त्याचा मालक गट असावा. कारागिरास स्वतंत्र आणि मर्यादित अधिकारांचे उपखाते काढून द्यावे, म्हणजे काम संपताच ते बंद करता येते.

(३) ईमेल व मोबाईल क्रमांक. पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड याच दोन ठिकाणी येतो. म्हणून ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीच्या सर्व किल्ल्या. गटासाठी वेगळे ईमेल व वेगळे सिमकार्ड घ्यावे आणि ईमेलास दुहेरी पडताळणी लावावी. पडताळणीचे राखीव सांकेतिक अंक कागदावर लिहून तो कागद गटाच्या कपाटात ठेवावा.

(४) पैसे जमा होणारे खाते. हे गटाच्या नावाचेच असावे. दुकानाची वसुली एका खात्यात घ्यावी आणि दर दोन दिवसांनी ती दुसऱ्या खात्यात वळती करावी. या दुसऱ्या खात्यास इंटरनेट बँकिंगची सोय ठेवू नये आणि त्यातून पैसे काढण्यास दोन सह्या लागाव्यात. चोर एका खोलीत शिरला तरी धान्याचे कणगे दुसऱ्या खोलीत सुरक्षित राहते, तशीच ही व्यवस्था होय.

मालाचे पान कसे असावे

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकास आंब्याचा वास घेता येत नाही, फळ दाबून पाहता येत नाही. म्हणून जे हाताने कळले असते ते शब्दांनी आणि छायाचित्राने सांगावे लागते. मालाच्या पानावर पुढील माहिती अवश्य असावी : आंब्याची जात, बागेचे गाव व तालुका, एका फळाचे वजन अमुक ते अमुक ग्रॅम, एका पेटीतील डझन, फळ कच्चे पाठविले जाईल की अर्धपिके, माल रवाना होण्याचा दिवस, आणि घरी आल्यावर तो पेंढ्यात कसा ठेवावा. केवळ 'मोठा', 'मध्यम', 'उत्कृष्ट' या शब्दांनी काहीच बोध होत नाही. गिऱ्हाइकाचा मोठा आणि बागायतदाराचा मोठा हे निराळे असतात. २५० ते ३०० ग्रॅम असे लिहिले म्हणजे वाद राहत नाही.

साक्याविषयी लपवाछपवी करू नये. हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. फळ झाडावर फार पिकू न देता चौदा आणे तयारीस उतरविले आणि उतरविल्यावर उन्हात किंवा तापलेल्या जमिनीवर ठेवले नाही, तर त्याचे प्रमाण कमी होते. पण ते पूर्णपणे टळत नाही. म्हणून दुकानावरच स्पष्ट लिहावे की, साका निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र अमुक दिवसांत पाठवावे, तेवढ्या फळांचे पैसे परत दिले जातील. ही एक ओळ दहा जाहिरातींहून अधिक गिऱ्हाईक टिकविते. तसेच फळ पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. गट ते वापरीत नाही हे सांगावे आणि तसे वागावे.

छायाचित्र स्वतःच्या बागेचे व स्वतःच्या फळाचेच असावे. सकाळच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर ते घ्यावे. एक फळ हातात धरून घेतलेल्या छायाचित्रावरून आकाराची कल्पना येते. मोबाईलने काढलेले छायाचित्र चार मेगाबाइटपर्यंत जड असू शकते. अशी दहा छायाचित्रे पानावर ठेवली तर पान चाळीस मेगाबाइटचे होते आणि दुबळ्या इंटरनेटवर ते उघडता उघडता गिऱ्हाईक निघून जाते. तीच छायाचित्रे प्रत्येकी दीडशे किलोबाइटपर्यंत लहान केली तर सगळी मिळून दीड मेगाबाइट होतात आणि डोळ्यास फरक जाणवत नाही.

मागणीचा अर्ज आखूड ठेवावा. नाव, मोबाईल क्रमांक, सहा अंकी पिनकोडसह पत्ता, पेट्यांची संख्या आणि माल हवा असलेला आठवडा एवढे पुरे. जन्मतारीख, आधार क्रमांक अशी माहिती मागू नये. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीस जात नाही. तसेच दर तोडीची शिल्लक दुकानावर घालावी. चाळीस पेट्या उतरणार असतील तर चाळिसावी मागणी येताच दुकानाने 'पुढील तोड अमुक तारखेस' असे दाखविले पाहिजे. माल नसता पैसे घेणे म्हणजे पत घालविणे होय.

भाव कसा ठरवावा

ऑनलाइन भावात केवळ फळाची किंमत धरून चालत नाही. उदाहरणादाखल एका डझनाचा हिशेब घेऊ. यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपले आकडे घालावेत. बागायतदाराच्या पदरी ६०० रुपये पडावेत अशी अपेक्षा आहे. खोके व पेंढा ४० रुपये, वाहतूक १४० रुपये आणि खराब निघणाऱ्या फळांच्या भरपाईची तरतूद २५ रुपये, मिळून ८०५ रुपये झाले. पैसे जमा करून देणारी संस्था विक्रीच्या २ टक्के आकार घेते आणि त्या आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो असे धरल्यास, एकूण कपात २.३६ टक्के होते. म्हणून भाव ८२५ रुपये ठेवावा लागतो. त्यातून सुमारे १९ रुपये ५० पैसे वजा होऊन ८०५ रुपये हाती उरतात. हा हिशेब न करता ७५० रुपये भाव लावणारा गट विक्री वाढेल तसा तोट्यात जातो.

वाहतुकीचा खर्च गिऱ्हाइकास पहिल्याच पानावर दिसावा. शेवटच्या पायरीवर तो वाढवून सांगितला तर गिऱ्हाईक खरेदी सोडून देते. शिवाय अशा फसव्या मांडणीस केंद्र शासनाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. शेवटी चोरून वाढविलेला भाव, 'दोनच पेट्या उरल्या' अशी खोटी घाई आणि न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, हे प्रकार त्यात मोडतात.

कायद्याच्या बाबी

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणे दुकानावर गटाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे लागते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. आंबापोळी, आमरस, कोकम सरबत असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर व दुकानावर दाखवावा. 'हापूस' या नावास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळासाठी आहे. बागायतदारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि बाहेरचा आंबा या नावाने विकू नये.

दुकान खुले करण्यापूर्वी

गटातील ज्यास संगणक येत नाही अशा सभासदाच्या हाती स्वस्तातला मोबाईल द्यावा आणि एक डझन आंबा मागविण्यास सांगावे. शेजारी बसून केवळ पाहावे, काही सांगू नये. तो जेथे अडखळेल तेथे दुकानात दोष आहे असे समजावे. बोटाने दाबावयाची जागा लहान आहे काय, अक्षरे उन्हात वाचता येतात काय, भाव मराठीत नीट दिसतो काय, पैसे भरल्याची पोच येते काय, हे सारे त्यात कळून येते. अशा तीन-चार सभासदांची परीक्षा झाल्यावाचून दुकान खुले करू नये.

संगणक अडला म्हणजे आधी काय पाहावे

दुकान इंटरनेटवर असले तरी मागण्या पाहणे, पावत्या छापणे व हिशेब ठेवणे ही कामे गटाच्या संगणकावर होतात. तो अडला की लोक घाबरतात. पुष्कळ बिघाड मात्र साधे असतात. तंत्रज्ञास बोलाविण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात : (१) वीज व तारा घट्ट आहेत काय. (२) मोबाईलवर इंटरनेट चालते काय. चालत असल्यास राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. (३) संगणक रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा. (४) पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख व वेळ बरोबर आहे काय. (५) डिस्कवर जागा शिल्लक आहे काय. (६) छपाई अडली असल्यास छपाईच्या रांगेतील जुनी कामे काढून टाकावीत.

यांतील चौथी बाब विशेष ध्यानात ठेवावी. जुन्या संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली म्हणजे वीज जाऊन आल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्यास खोटी वाटू लागतात आणि 'हे स्थळ सुरक्षित नाही' अशी सूचना पडद्यावर येते. दुकान शाबूत असते, बँकही शाबूत असते. फक्त संगणकाचे घड्याळ चुकलेले असते. तारीख दुरुस्त केली की काम चालू होते, आणि थोड्या रुपयांची बॅटरी बदलली की दोष मिटतो.

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ती वापरणाऱ्या गटांनी नव्या प्रणालीकडे जाण्याची तजवीज हंगामापूर्वी करावी. पावसाळ्यापूर्वीच्या गडगडाटात विजेची तार आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवाव्यात. एकच काढून भागत नाही.

दूरस्थ दुरुस्ती म्हणजे काय

इंटरनेटच्या साह्याने दुसऱ्या गावचा तंत्रज्ञ गटाच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर पाहतो आणि परवानगी दिल्यास कळफलक व माऊस स्वतः चालवितो, यास दूरस्थ दुरुस्ती म्हणतात. विंडोजमधील क्विक असिस्ट, गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही त्याची प्रचलित साधने होत. ही साधने स्वतः वाईट नाहीत. आडगावाहून तालुक्यापर्यंत संगणक नेण्याचा हेलपाटा आणि एक दिवस त्यांमुळे वाचतो.

या रीतीने प्रणालीतील चुका, छपाईयंत्राची जोडणी, मराठी टंकलेखनाची सोय, दुकानाच्या पानातील दोष, ईमेलची मांडणी ही कामे होतात. संगणक चालूच होत नसेल, इंटरनेट नसेल, डिस्क खडखडत असेल किंवा जळाल्याचा वास येत असेल, तर दूरवरून काही करता येत नाही. तेथे माणूसच आला पाहिजे. हा भेद ठाऊक असला म्हणजे फुकटचे पैसे जात नाहीत.

तंत्रज्ञास आत घेण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी : तंत्रज्ञ हंगामाच्या आधीच ठरवून त्याचा क्रमांक नोंदवहीत लिहावा आणि त्याच क्रमांकावर गटाने स्वतः फोन करावा. पडद्यावरील सूचना शब्दशः लिहून घ्यावी. मोबदला आधी ठरवावा. बँकेची पाने बंद करावीत. पेनड्राइव्ह आणि डिजिटल सहीचे साधन काढून कपाटात ठेवावे.

काम चालू असता : ज्या साधनात एका वेळेपुरता सांकेतिक क्रमांक मिळतो तेच वापरावे. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये असा क्रमांक बारा अंकी असतो व तो थोड्या मिनिटांत बाद होतो. कायमचा पासवर्ड ठेवून मालकाच्या अनुपस्थितीत प्रवेश देणारी सोय चालू करू देऊ नये. प्रथम केवळ पाहण्याची परवानगी द्यावी. गरज पडल्यास चालविण्याची. सभासदाने पडद्यासमोरून उठू नये. पडदा काळा झाला, किंवा तंत्रज्ञाने बँकेचे पान उघडण्यास, ओटीपी वाचून दाखविण्यास अथवा मोबाईलवरही तेच साधन बसविण्यास सांगितले, तर तत्काळ इंटरनेटची तार काढावी. चांगल्या तंत्रज्ञास यांपैकी कशाचीही गरज नसते आणि तार काढल्याचा त्यास रागही येत नाही.

काम संपल्यावर : जोडणी बंद करावी, साधन काढून टाकावे, संगणक पुन्हा सुरू करावा, कामासाठी सांगितलेला प्रत्येक पासवर्ड बदलावा. दिनांक, तंत्रज्ञाचे नाव, केलेले काम व मोबदला यांची नोंद वहीत घ्यावी.

फसवणूक कशी होते

एक प्रसंग कल्पावा. एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे. गटाकडे दोनशे पेट्यांची मागणी असून माल खोक्यांत भरला आहे. रात्री वीज जाऊन येते. सकाळी चिटणीस संगणक उघडतो तो 'हे स्थळ सुरक्षित नाही' अशी सूचना दिसते. ठरविलेला तंत्रज्ञ नसल्याने तो इंटरनेटवर दुरुस्तीचा क्रमांक शोधतो. पलीकडचा मनुष्य अदबीने बोलतो, पडदा दाखविण्यास सांगतो, आणि संगणकाच्या नोंदींतील लाल खुणा दाखवून विषाणू शिरल्याचे सांगतो. अशा लाल खुणा निरोगी संगणकातही असतात, हे चिटणीसास ठाऊक नसते. मग तो मनुष्य मोबदला म्हणून दहा रुपये भरण्यास सांगतो. चिटणीस बँकेचे पान उघडतो, पासवर्ड घालतो, ओटीपी सांगतो. दहा मिनिटांत हंगामाची वसुली खात्यातून निघून जाते. मूळ दोष काय होता? नाण्याएवढी बॅटरी संपली होती.

हा प्रसंग कल्पित असला तरी रीत खरी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दूरस्थ जोडणीच्या साधनाद्वारे होणाऱ्या अशा फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. म्हणून शोधून मिळालेल्या अनोळखी क्रमांकावर विसंबू नये. पडद्यावर अचानक मोठी सूचना व फोन क्रमांक आला तर तो लबाडीचाच समजावा. विंडोजच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक नसतो. मोठ्या घाऊक मागणीचे आमिष दाखवून 'पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगणाराही भामटाच होय. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी.

फसवणूक झाल्यास लाजून गप्प बसू नये. (१) इंटरनेट तोडावे. (२) दुसऱ्या फोनवरून, पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर, बँकेस कळवून खाते गोठवावे. (३) १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम व वेळ हाताशी ठेवावी. (४) राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर व पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. (५) निर्धोक अशा दुसऱ्या संगणकावरून चारही किल्ल्यांचे पासवर्ड बदलावेत. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी कळविले तर ती अडविली जाण्याची शक्यता असते. म्हणून येथे तासांचे नव्हे, मिनिटांचे महत्त्व आहे.

राखीव प्रत

बियाणे राखून ठेवल्याखेरीज जाणता शेतकरी पुढच्या हंगामाचा विचार करीत नाही. गिऱ्हाइकांची यादी व हिशेब हे दुकानाचे बियाणे होय. त्यांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. हंगामात दररोज रात्री व एरवी आठवड्यातून एकदा प्रत काढावी. प्रत काढली की ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने गटासाठी दुकान बांधून देऊ नये किंवा पासवर्ड स्वतःजवळ ठेवू नयेत. त्याची बदली झाली म्हणजे दुकान अडते. त्याने दिवाळी ते संक्रांत या काळात प्रत्येक गटाची एक बैठक घ्यावी आणि पुढील प्रश्न विचारावेत :

१. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावे आहे व त्याची मुदत केव्हा संपते?
२. गटाच्या ईमेलाचा पासवर्ड कोणत्या दोन सभासदांजवळ आहे?
३. एका डझनाच्या भावात वाहतूक, भरपाई व कपात धरली आहे काय?
४. संगणक अडल्यास कोणास फोन करावयाचा, हे भिंतीवर लिहिले आहे काय?
५. मागील राखीव प्रत केव्हा काढली व ती उघडून कोणी पाहिली?

या पाचही प्रश्नांची उत्तरे न चाचरता देणाऱ्या गटाने हंगामास खुशाल सामोरे जावे. ज्या गटास ती देता येत नाहीत, त्याच्या दुकानास अद्याप कुलूप लागलेले नाही असे समजून कार्यकर्त्याने त्यास प्रथम मदत करावी. मोहोर फुटण्यापूर्वी हे काम उरकले, तर फळ उतरेल त्या दिवशी बागायतदाराचे लक्ष संगणकाकडे नव्हे, तर आपल्या आंब्याकडे राहील.